‘होरी’ या शब्दाखालची ओळ

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. मोदकाचा किंवा मूर्तीचा नव्हे, संगणकावरच्या एका खुल्या शब्दकोशातला. कोशात शब्दाचा अर्थ दिला की तो कुणी, कुठे वापरला याचा दाखला द्यावा लागतो. संपादकाने वाक्य आणि पान क्रमांक माझ्यात भरला, की लेखकाचे नाव, कादंबरीचे नाव आणि वर्ष मी आपणहून खाली मांडतो. माझा जन्म एकाच कादंबरीसाठी झाला. उरणच्या दादू नाखवांची ‘खाजणापल्याड’.

मला घडवले बोनकोड्याच्या रंजिताने. बँकेतून घरी आली की ती खाडीकाठच्या बोलीतले शब्द कोशात घाली. दादू कादंबरी छापल्यावर लवकरच वारले होते. त्यांचे नाव तिच्या हातून कधी चुकू नये, म्हणून तिने मला बनवले. माझ्यातून ते पहिल्यांदा उमटले तेव्हा ती एकटीच टाळी वाजवून हसली.

ते दिवस सुखाचे होते. कितीतरी शब्दांखाली मी उभा राहिलो. कोशाचा दुसरा संपादक, सीवूड्सचा केतन, “एक नंबर काम केलंस!” असे तिला लिहायचा.

एक ओळ मात्र मला पहिल्यापासून जड वाटे. ‘होरी’, म्हणजे होडी. त्या शब्दाखाली कादंबरीतल्या एका लहान मुलीचे, ‘मला धर’ म्हणणारे वाक्य होते: “बाबा, होरी हालते, मना धर.” बाकीची वाक्ये एकदा बसली की गप्प होत. ही होत नसे. कुणी पान उघडले की मला हाक येई, आणि मी पोहोचण्याआधी ती मुलगी बोललेली असे.

एका रविवारी रंजिता मोठ्या हौसेने उरणला गेली. दादूंची बायको पुतळाबाई तिथल्या कोळीवाड्यात एकट्या राहत. त्यांना वाचता येत नव्हते. “आजी, आजोबांचं नाव कोशात आलंय, ऐका,” म्हणत रंजिताने मोबाइलवर नेमके तेच पान उघडले आणि ओळ वाचून दाखवली.

पुतळाबाईंच्या हातातली सुंगटे, ती निवडायला घेतलेली कोळंबी, टोपलीत पडली.

“ही माजी गोजरा हाय,” त्या म्हणाल्या. “बापाबरोबर होरीत गेली ती आलीच नाय. शेवटी काय बोलली, त्यानी मना कदी सांगला नाय. पुस्तकात लिवला व्हय?”

रंजिताने तो प्रसंग कादंबरीत वाचला होता. तिला तो कल्पित वाटला होता.

पुतळाबाईंनी विचारले, “बाय, कोनी ह्या उघडला, का पोर परत तसाच वरडनार?”

“वाचणाऱ्याला तसंच दिसणार, आजी.”

“मंग काढ तिला तितून. किती येला बुडवाल?”

रंजिताने तिथेच बसून ती ओळ पुसली. तिच्याबरोबर तिथून मीही पुसला गेलो. सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण त्या रिकाम्या जागेत काहीतरी उरलेच. तिथे मला कुणी बोलावत नव्हते, तरी मला ऐकू येत होते.

केतनचा निरोप आला, “होरीचा दाखला कुठे गेला? आधाराशिवाय नोंद उडवतील.” रंजिताने उत्तर दिले, “उडू दे.” नोंदीवर वगळण्याची सूचना लागली.

मग एके दिवशी पुतळाबाई स्वतः बोनकोड्याला आल्या. रंजिताच्या संगणकावर तेव्हा दुसऱ्या एका शब्दाखाली मी उघडाच होतो. त्या पाणीही प्यायल्या नाहीत.

“बाय, मना झोप नाय. आदी वाटायचा, पोर घाबरते, तिला गप करावा. आता वाटतं, ती बोलावते न् कोनी आयकतच नाय. त्यानी एकट्यानी आयकला, न् एकट्यानीच सोसला. ठेव तिला परत. आयकू दे लोकांना.”

“आजी, नक्की?”

“मना एकदा वाच. मंग ठेव.”

रंजिताने वाचले.  पुतळाबाईंचे फक्त ओठ हलले. मग रंजिताने ओळ होती तिथे परत ठेवली, आणि सूचना निघाली.

आता सगळ्या पुस्तकांना चालणारा नवा साचा आला आहे. माझ्या माथ्यावर ‘जुना, वापरू नये’ अशी पाटी आहे. बाकीच्या नोंदींतून मला हलवले गेले. ‘होरी’खाली मात्र रंजिताने मला राहू दिले आहे.

मित्रांनो, कोशात शब्दाचा अर्थ मिळाला की तुम्ही पान मिटता. खालची, तिरक्या अक्षरांतली दाखल्याची ओळही वाचत जा, सावकाश वाचा. तिथे कुणीतरी खरेच बोललेले असते. गोजरा अजून म्हणते, “मना धर.” आणि लगेच खाली, जितके जवळ नेता येईल तितके जवळ, मी तिच्या बापाचे नाव ठेवतो.