आसेगावची मशीन

"काका, ठरावाले होकार द्या आन् मशीन बंद करा," शिवम पुण्याहून फोनवर सांगत होता. गावचाच पोरगा, सॉफ्टवेअरच्या नोकरीतला. मशीन बसवून देणाराही तोच.

अश्वजितने वाइंडिंगला आलेली मोटर बाजूला सारली. आसेगावच्या त्याच्या दुकानात तीन वर्षं एक जुना संगणक चालू होता. एका लहानशा आभासी चलनाचे व्यवहार खरे की खोटे, हे जगभरचे चारशे संगणक तपासत. त्यातला हा एक. कमाई शून्य, वर विजेचं बिल. पण जगाला आपल्यालाही विचारावं लागतं, ही ऐट होती.

गेल्या महिन्यात त्या चलनाची चोरी झाली. प्रोग्राममधलं खिंडार सापडलं, दुरुस्तीही आली. पण लहान मशिनींनी ती घ्यायला चार दिवस लावले, तेवढ्यात चोरांनी हात मारला. म्हणून आता तपासणी फक्त नऊ कंपन्यांच्या मोठ्या मशिनींकडे द्यायची, दुरुस्ती दहा मिनिटांत, असा ठराव सगळ्या मशीनवाल्यांच्या मताला आला होता.

"तुमचीबी तवा तीन दिवस बंदच होती," शिवम म्हणाला. खोटं नव्हतं. गावची विजेची डीपी जळाली होती. अश्वजितला ते झोंबलं.

दारात त्याची आई चंपाबाई गहू निवडत होती. तिच्या पदराला बुद्धविहाराच्या पैशांच्या पेटीची चावी. पेटीला तीन कुलपं, चाव्या तीन घरी. एका जयंतीला ती चावीसकट कामरगावला लग्नाला गेली आणि बँडवाले पैशांसाठी दोन तास ताटकळले. तिन्ही चाव्या शाळेच्या गुरुजींकडे द्या, म्हणत लोकांनी तिला फाडून खाल्लं. तिने चूक कबूल केली, चावी दिली नाही. तेव्हापासून गावाला जाताना ती सुनेच्या हाती चावी देऊन जाते.

"चुकलो, शिवम. सुधरतो," अश्वजित म्हणाला. "पन ते नऊ जन एक झाले त त्याइले कोन तपासीन?"

"मोठे लोक हायेत ते, काका."

"म्हनूनच इचारून राह्यलो."

त्याने नकार नोंदवला. संध्याकाळी ठराव धडाक्यात पास झाला. ठराव न मानता जुन्याच नियमाने चालणाऱ्या मशिनी सदतीस उरल्या. त्यांच्या चलनाला बाजारात कुत्रं विचारेना. शिवमही नऊ कंपन्यांच्या बाजूला गेला, याचं मात्र अश्वजितला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो मंगरुळपीरहून इन्व्हर्टर घेऊन आला. दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, समोरची पिठाची चक्की थांबली.

"तुही मशीन चालू हाय का रे?" चंपाबाईने विचारलं.

"हाय, माय."

पदराची गाठ चाचपत ती पुन्हा गव्हातले खडे वेचू लागली.