बंद वाटेच्या टोकाला

ऑफिसात तिला सगळेच मावशी म्हणत, आणि याला कारण तिची भाची. शाळा बंद असली की मावशी तिला सोबत घेऊन येई, आणि ती दिवसभर "मावशी, हे बघ, मावशी, ते बघ" असा धोशा लावी. शेवटी साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. भाचीचं खरं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ती भिंगरी. दुसरीत शिकणारी, आणि एका जागी बसेल तर शपथ!

मावशीचं काम जग आखायचं. खरंखुरं नव्हे, व्हिडिओ गेममधलं. चित्रविचित्र प्राणी हुडकायचे, पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी लढवायचे, असला तो गेम. अशा गेमांचा बाजारात सुकाळ आहे, आणि खरं सांगायचं तर सगळे एका माळेचे मणी. सुरुवातीला कुणी पिकल्या केसांचे प्राध्यापक तीन पिल्लं पुढे करतात, एक आगीचं, एक पाण्याचं, एक पानाचं, आणि एवढ्याशा पोराला सांगतात, घे यातलं एक आणि जा जगभर हिंडायला. आई दारात उभी राहून हात हलवते. पोर एकटं कुठे निघालं, असं त्या बयेला एकदाही विचारावंसं वाटत नाही. पुढे उंच गवत लागतं, त्यात शिरलं की प्राणी भेटतो. वाटेत कुणाच्याही घरात खुशाल घुसावं, कपाटं उघडावीत, डबे धुंडाळावेत. घरवाले रागवत नाहीत, उलट एखादं उपयोगाचं वाक्य बोलतात. रस्ता अडवून बसलेला पहारेकरी हमखास तहानलेला असतो, त्याला काहीतरी प्यायला दिलं की तो बाजूला सरतो. कठड्यावरून खाली उडी मारता येते, वर मात्र चढता येत नाही. हे असंच का, असं विचारायची सोय नाही. असं असतं म्हणून असतं.

त्यातल्या दोन गोष्टींवर मावशीचा भारी जीव. एक, हरलेला प्राणी मरत नाही. तो थकतो. मग त्याला दवाखान्यात न्यायचं, छोटीशी धून वाजते आणि गडी पुन्हा टुणटुणीत. "मेला" हा शब्द तिनं गेममधून भांडून काढून टाकला होता. दुसरी गोष्ट म्हणजे बंद वाट रिकामी ठेवायची नाही. "पोर एवढं लांब चालत गेलं, अंधारात गेलं, आणि पुढे नुसती भिंत? पाप लागेल तुम्हाला," असं ती नव्या मुलांना टेबलावर हात आपटून सांगे. भिंगरी हे सगळं खुर्चीवर उलटी लटकून ऐकत असे. कुठलाही नवा भाग आधी तिच्याच हातात पडे, आणि मावशीला त्याचं कोण कौतुक!

त्या दुपारीही असंच भांडण जुंपलं होतं. नव्या गुहेचं शेवटचं टोक रिकामं राहिलं होतं, आणि साहेब म्हणत होते, राहू दे, वेळ नाही. मावशीचा पारा चढला. मीटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"सगळ्यात लांबच्या, सगळ्यात अंधाऱ्या टोकाला सगळ्यात दुर्मीळ प्राणी असतो! असतोच! हे आता मी शिकवू का तुम्हाला?"

साहेबांनी हात टेकले. मावशी जिंकून बाहेर आली, आणि भिंगरीची खुर्ची रिकामी दिसली. टेबलावर रंगाच्या कांड्या पसरलेल्या होत्या. डब्यातली पोळी काढून कागदावर नीट ठेवलेली होती, आणि रिकामा डबा व पाण्याची बाटली गायब होती.

आधी मावशीला हसूच आलं. बाथरूम झालं, जिना झाला, गच्चीचं दार कुलपात होतं. मग हसू मावळलं.

"माझ्याकडे आली होती," चित्रं काढणारा मुलगा कानातले हेडफोन काढत म्हणाला. "तुला काही सांगायचंय का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही बुवा. तर म्हणे, एक तरी वाक्य सांगावं लागतं. म्हणून म्हटलं, खाली लॉन्ड्रीवाल्या काकूंना विचार. गंमत म्हणून म्हटलं हो मी!"

मावशी जिना उतरली की घसरली हे तिचं तिलाच कळलं नाही. लॉन्ड्रीवाल्या काकू इस्त्री हातात धरून तणतणत होत्या.

"तुमचीच का ती? अहो, काय वळण लावलंय पोरीला! दुकानातून सरळ आत माझ्या घरात घुसली, कपाट उघडलं, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा डोकावली, आणि 'इथे काही नाही' म्हणून चालू लागली! मी म्हटलं, कुठे निघालीस गं भवाने? तर म्हणे, टोकाला."

"कुठल्या टोकाला?"

"गल्लीच्या, आणखी कुठल्या? पुढे कालवाच आहे."

भिंगरी हरवली नव्हती. हरवलेलं पोर रडतं, कुणाचा तरी हात धरतं, थांबतं. भिंगरी खेळत होती, आणि खेळणारं पोर थांबत नसतं. मावशी जीव खाऊन धावत सुटली. काकूंनी तिचा चेहरा पाहिला, इस्त्री आडवी टाकली आणि त्याही मागोमाग निघाल्या.

गल्लीच्या शेवटी कालव्याचं लोखंडी फाटक होतं, आणि फाटकाशी खुर्ची टाकून रखवालदार बसला होता. त्याच्या हातात भिंगरीची बाटली होती. ती मावशीनं लांबूनच ओळखली.

"लहान मुलगी? हो, आली होती की," तो खूश होऊन म्हणाला. "गुणी पोर हो! आपणहून पाणी दिलं मला. मी बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात इथेच कुठेतरी..." त्यानं मागे वळून पाहिलं. फाटकाच्या फटीतून लहान मूल सहज जाईल एवढी जागा होती. त्याचा चेहरा उतरला. "आत नसेल गेली ती. आत जाऊन कसं चालेल? डागडुजी झाली म्हणून आज पाणी सोडणार आहेत. त्यासाठीच तर मला इथे बसवलंय."

"फाटक उघडा," मावशी म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

फाटकाच्या आत कमरेएवढं वाळलेलं गवत होतं आणि त्यातून एक अरुंद वाट नुकतीच तुडवली गेली होती. सरळ वाट नव्हती ती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गवतात शोधत फिरावं तसं पोरगी शोधत फिरली होती. साप, विंचू, फुटक्या काचा, मावशीला काय काय दिसायला लागलं. ती हाका मारत सुटली. वाट कालव्याच्या काठाशी जाऊन संपली. खाली कोरडा, सिमेंटचा तळ, वरून उडी मारता येईल एवढाच खोल, पण चढून येणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. तळाच्या गाळात छोट्या चपलांचे ठसे होते.

मावशीनं उडी मारली. पाय मुरगळला, पण ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. ठसे समोरच्या भिंतीतल्या एका सिमेंटच्या पाइपापाशी गेले होते. पाइप तळाला लागूनच होता, दुसऱ्या बाजूनं केव्हाचा बुजवलेला. तिनं गुडघे टेकून आत डोकं घातलं.

"भिंगरी!"

"शूऽऽ! हळू बोल ना. पळून जाईल तो."

मावशीला रडू फुटलं. पोर जिवंत होतं. तिनं आत शिरायला खांदे रेटले आणि ते अडकले. पुन्हा रेटले, कातडी सोलली, पण पाइप काही तिच्या मापाचा नव्हता. आत, अगदी टोकाशी, अंधारात डब्याचं झाकण तेवढं चकाकत होतं.

"बाहेर ये, राणी. चल लवकर."

"थांब गं. इथे भिंत आहे, म्हणजे हेच टोक. तो दुर्मीळ आहे ना, लगेच नाही येत. डबा उघडा ठेवलाय मी."

"तिथे काही नाहीये."

"असतो. असतोच. आत्ता तूच ओरडलीस ना?"

तेवढ्यात लांबवर भोंगा वाजला. वरून रखवालदाराची हाक आली. "ताई, वरची दारं उघडली! पाणी निघालं! मी शिडी आणतो, तुम्ही पोरीला काढा!" आणि त्याचे धावते पाय ऐकू आले. काकू काठावरून वाकून "काढा हो, काढा लवकर" म्हणत होत्या, जशी काही मावशी तिथे गप्पा छाटत बसली होती.

मावशीनं सगळे उपाय केले. लाडीगोडी लावली. आईला सांगेन म्हणून दम दिला. तो प्राणी ऑफिसात आहे, तिकडे जाऊ, असं खोटंही बोलली. भिंगरी हुशार होती, बधली नाही.

"पाणी येतंय गं, भिंगरी! पाइप भरेल!"

"मग थकेन मी," आतून शांत आवाज आला. "मग दवाखान्यात नेशील. धून वाजेल."

भीती तिला मघापासून वाटत होती, पण हे काहीतरी निराळंच होतं. या पोरीला भीती म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून मावशीनं स्वतः राबून राबून व्यवस्था केली होती. दूरवर कालव्यात काहीतरी सळसळल्यासारखं वाटलं. आता गोड बोलून भागणार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "माणूस थकत नाही. माणूस मरतं."

"म्हणजे?"

"नाकातोंडात पाणी जातं. खूप दुखतं. श्वास बंद होतो. मग दवाखान्यात नेलं तरी उपयोग नसतो. धून वाजत नाही. आई कितीही हाका मारेल, पण तू उठणार नाहीस. परत कधीच नाही. आत्ता बाहेर आली नाहीस तर तू मरशील, भिंगरी."

आतून एक बारीक, चिरका आवाज सुरू झाला. भिंगरीला असं रडताना मावशीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"ये. माझा हात दिसतोय ना? हाताकडे ये."

"मला हलता येत नाही."

"येतं. गुडघ्यांवर ये."

"नाही येत! मावशी, मला नाही हलता येत!"

हे मावशीच्या ध्यानीमनीही नव्हतं. भीती घातली की पोर पळेल असं तिला वाटलं होतं. पोरगी दगड होऊन बसली होती. आता तळावरून पाण्याची पातळ जीभ पुढे आली, मावशीच्या गुडघ्यांना थंड लागली आणि पाइपात शिरली. आत किंकाळी फुटली. मावशीच्या मनात आलं, मी मारलं हिला. माझ्याच शब्दानं मारलं. तिनं पुन्हा खांदे कोंबले, बाही फाटली, रक्त आलं, आणि ती निम्मी आत, निम्मी बाहेर अशी अडकून राहिली.

"मावशी," आतून हुंदके देत प्रश्न आला, "तुझ्याकडे नाही ना भरत पाणी? तू बाहेर आहेस ना?"

"मी अडकलेय."

"मग तू पण मरशील?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण खोटं बोलायची ताकद मावशीत उरली नव्हती.

"हो."

"मग तू जा ना! तू जा!"

"तू आल्याशिवाय मी कशी जाऊ?"

पाणी मनगटापर्यंत आलं होतं. मग आत गुडघे घासल्याचा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला. भिंगरी मोठमोठ्यानं रडत होती आणि रडत रडत सरकत होती, आणि सगळा वेळ ओरडत होती, "जा ना मावशी, जा ना!" चिमुकली, गार बोटं मावशीच्या हाताला लागली. तिनं भिंगरीचं मनगट असं धरलं की त्यावर नंतर कितीतरी दिवस निळा वळ होता. एक हिसका, दुसरा हिसका, आणि दोघी चिखलपाण्यात बाहेर पडल्या. रखवालदार शिडी घेऊन तळात उतरला होता. त्यानं भिंगरीला खांद्यावर टाकलं. मावशी मागून चढली तेव्हा पाणी मांड्यांना ओढत होतं, आणि शेवटच्या पायरीवरून मागे पाहिलं तर पाइपाचं तोंड कुठे होतं ते सांगता येत नव्हतं.

काकूंनी कुणा गिऱ्हाइकाची इस्त्री केलेली चादर भिंगरीभोवती गुंडाळली आणि मघाच्या सगळ्या बोलण्याची भरपाई केल्यासारखा तिचा मुका घेतला. रखवालदार रिकामी बाटली हातात धरून नुसता उभा होता. "मी पाणी प्यायलो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

संध्याकाळी बहीण लेकीला न्यायला मावशीच्या घरी आली. दुपारचं काहीच मावशीला तिला फोनवर सांगता आलं नव्हतं. एरवी दाराची घंटा वाजली की भिंगरी जी सुटायची, ती आईच्या पोटावर जाऊन आदळायची. आज ती चालत आली. आईसमोर उभी राहिली, तिला खाली बसायला लावलं आणि तिच्या छातीला कान लावला.

"हे काय नवीन?" बहीण हसली. "काय ऐकतेस गं?"

"चालू आहे का बघतेय," भिंगरी म्हणाली, आणि बोलू नकोस म्हणून तिनं आईच्या तोंडावर हात ठेवला.

बहिणीनं त्या हाताच्या वरून मावशीकडे पाहिलं. ती अजून हसतच होती.