मालकांनी दाखवलेला अंगठा

मी बोलतेय. हो, भिंतीवरचं हजेरीचं मशीन. खरं तर 'मशीन बोलतंय' असं म्हणायला हवं, हे मलाही कळतं. पण मला बनवणाऱ्यांनी माझ्या पोटात एका बाईचा आवाज भरला, तेव्हापासून मी स्वतःला बाईमाणूसच समजते. व्याकरणवाल्यांनी उगाच पेनं उपसू नयेत. मला दोनच वाक्यं येतात. बोट ओळखलं की 'धन्यवाद', नाही ओळखलं की 'पुन्हा प्रयत्न करा'. एवढ्या भांडवलावर मी इतकी वर्षं नोकरी केली. वरच्या मजल्यावरचे काही जण याहून कमी भांडवलावर मॅनेजर झालेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला जोडणाऱ्या मुलींची हजेरी माझ्याच थोरल्या बहिणी घेत होत्या. एखादी मुलगी पाणी प्यायला उठली तरी नोंद व्हायची. मी तेव्हा कोवळी होते. मला वाटलं, वा, काय दरारा आहे आपल्या घराण्याचा! मग थर्माकोलमध्ये गुंडाळून मला या फर्निचरच्या कारखान्यात आणलं. इलेक्ट्रिशियनने मला दाराशेजारी भिंतीवर बसवलं, तेही तिरकं. त्यामुळे मी आजवर जगाकडे मान वाकडी करूनच बघत आले.

माझ्याआधी या दारात थोरले मालक उभे असायचे म्हणे. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायचे. "काय रे, डोळे लाल का?" "आज डबा नाही वाटतं?" अशी त्यांची हजेरी. ते थकले, घरी बसले आणि मॅनेजमेंट शिकलेले धाकटे मालक आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला आणलं आणि फळ्यावर फर्मान लावलं : हजेरी मशीनवर, बाकी सगळं मोबाइलवर. तोंडी काही चालणार नाही.

आता गंमत बघा. पूर्वी ज्याला सही येत नसे त्याला लोक हसून 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. आणि आमच्याकडे नावापुढे ओळभर पदव्या लावणारा डिझायनर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी अंगठा उठवतो! शिकून-सवरून माणूस फिरून अंगठ्यावरच आला. बरं, मी नोंद करते ती माणूस आल्याची. त्याने काम केलं की नाही, ते मला कुणी विचारत नाही. काही जण धापा टाकत येतात, माझ्यावर अंगठा आपटतात आणि मग निवांत चहाला जातात. माझ्या लेखी ते हजर. एखादी बाई घरचं काम उरकून दमून येते, दोन मिनिटं उशीर होतो, तिला लाल शेरा. मला विचाराल तर हा शुद्ध गाढवपणा आहे. पण मला कोण विचारतंय?

माझी सगळ्यात जास्त झटापट व्हायची ती पॉलिशकाकांशी. काका लाकडाला पॉलिश करणारे. जन्मभर पॉलिशपेपर घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघाच पुसून गेलेल्या. अंगठा ठेवला की मी म्हणणार, 'पुन्हा प्रयत्न करा.' ते अंगठा सदऱ्याला पुसायचे, केसांवरून फिरवायचे, त्यावर फुंकर मारायचे. माझं आपलं पालुपद चालूच. शेवटी धाकट्या मालकांनी एकेक बोट लावून पाहिलं आणि काकांची फक्त करंगळी मला पटली.

"म्हणजे मी रोज दारात उभं राहून करंगळी दाखवू?" काका कडाडले. "शाळेत लघवीला जाताना दाखवायची, ती आता साठीला आल्यावर कामावर येताना दाखवू?"

"काका, त्यात काय एवढं? बोट ते बोट," धाकटे मालक म्हणाले.

"बोट ते बोट कसं? प्रत्येक बोटाचा अर्थ असतो, साहेब."

पॅकिंगमधल्या वहिनी हसून लोटपोट झाल्या. काकांनी मात्र शेवटपर्यंत करंगळी लावताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरला.

आता महत्त्वाचं. माझ्या डोक्यावर इंटरनेटचा डबा आहे. मेसेज पाठवायचा तर सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहतात, म्हणून कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला आधी कळतं. कारखान्याचा ग्रुपही मी असाच वाचते. कुणाचा वाढदिवस असो की कुणाचे सासरे वारलेले असोत, खाली अंगठ्यांची रांग. एकाला शब्द सुचेल तर शपथ. काकांनी तो ग्रुप कधी उघडलाच नव्हता. रोज सकाळी फुलांची चित्रं बघायला त्यांना वेळ नव्हता.

काकांची एक थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच काकांना वाढवलं. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी. तिला भीती वाटत होती. फोनवर ती काकांना म्हणाली, "तू ये. मी आत जाताना तू समोर हवास, बाकी कुणी नको." हे मी ऐकलं, कारण काका फोनवर ओरडूनच बोलतात.

तोंडी रजा बंद, म्हणून काकांनी माझ्यासमोर उभं राहून एकेक अक्षर शोधत मेसेज लिहिला. 'साहेब, सोमवारी ताईचं ऑपरेशन आहे. चार दिवस रजा द्यावी ही विनंती.' वर धाकटे मालक मीटिंगमध्ये बसले होते. लगेच उत्तर आलं. एकही अक्षर नाही. नुसता एक पिवळा, ताठ उभा अंगठा.

काका त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला. मग त्यांचा चेहरा असा पडला की माझ्यात जीव असता तर मी भिंतीवरून उडी मारली असती. मालकांनी ठेंगा दाखवला! साध्या 'नाही'ची सुद्धा आपली लायकी नाही, असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांदा विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी तिथूनच भाच्याला फोन लावला. "रजा नाही मिळाली रे. ताईला नीट समजावून सांग. तू थांब तिच्याजवळ."

मला सगळं ठाऊक होतं. तो अंगठा होकाराचा आहे, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण तोंड उघडलं असतं तर त्यातून 'धन्यवाद'च बाहेर पडलं असतं.

सोमवारी काका वेळेवर आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी करंगळी ठेवली आणि मी म्हटलं, "धन्यवाद." माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पॅकिंगवाल्या वहिनी मागे उभ्या होत्या. "अहो काका, तुम्ही इथे कसे? ताईंचं आज ना?"

"साहेबांनी ठेंगा दाखवला."

"काय सांगता! बघू."

काकांनी मोबाइल पुढे केला. वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो देवा! काका, हा होकार आहे! रजा दिलीय त्यांनी!"

"अंगठा दाखवून? अंगठा दाखवून होकार देतात कुठे?"

तेवढ्यात धाकटे मालक आत आले. कानाला फोन, नजर जमिनीवर. काकांना बघून थबकले. "काका, तुम्हाला तर मी रजा दिली होती."

"कधी दिली?" काका इतके मोठ्याने बोलले की आतली घासायची मशीनं एकेक करून बंद झाली. "या हातांनी तुमच्या बापाच्या कारखान्यात आयुष्य घासलं, साहेब. एक शब्द नव्हता का तुमच्याकडे? 'जा' म्हणायला काय पैसे पडतात?"

 धाकट्या मालकांनी काकांचा चेहरा नीट पाहिला, बहुतेक पहिल्यांदाच. कानाचा फोन खाली घेतला आणि म्हणाले, "गाडीत बसा. मी सोडतो."

ते पोचले तेव्हा ताईंना आत नेलं होतं. हे मला काका परत कामावर आले तेव्हा कळलं. ते वहिनींना सांगत होते. धाकटे मालक संध्याकाळपर्यंत त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहिले होते. ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी डोळे उघडले, काकांना ओळखलं आणि कोरड्या ओठांनी पहिलं काय विचारलं असेल? "मिळाली का रे रजा?"

"मी 'हो' म्हणालो," काका सांगत होते, "आणि मला रडूच आलं बघा." वहिनीही डोळे पुसू लागल्या. मागे रांगेत पाच-सहा जण खोळंबले होते, पण त्या दिवशी कुणी घाई केली नाही.

आता माझी सद्दी संपली आहे. धाकटे मालक सुधारले म्हणून नव्हे, उगाच भ्रमात राहू नका. चेहरा ओळखणारं नवं मशीन स्वस्तात मिळालं म्हणून. ते खोक्यातून माझ्याकडे मोठ्या तोऱ्यात बघतंय. बघू दे. मला कुणाबद्दल आकस नाही. जाता जाता एकच सांगते. हजेरी आमच्याकडून घ्या, हिशेब आमच्याकडून करून घ्या. पण दुसऱ्याच्या काळजाशी गाठ असेल तिथे आम्हाला मध्ये घालू नका. जिने उतरून खाली जा आणि तोंडाने बोला. आम्हाला ते जमत नाही, आणि तुम्ही आमच्यासारखे झालात तर तुम्हालाही जमायचं नाही.

आज सकाळी इलेक्ट्रिशियन मला काढायला आला. त्याने एक स्क्रू सैल केला तोच धाकटे मालक जिना उतरून आले आणि माझ्यासमोरून थेट पॉलिशच्या शेडच्या दारात गेले. ताईंना तपासणीला न्यायचं म्हणून काकांनी उद्याची रजा मागितली होती. आत घासायचं मशीन घरघरत होतं. भुशाचा धुरळा उडत होता. मालकांच्या काळ्या बुटांवर बघता बघता पांढरा थर बसला.

"काका, रजा दिली! जा!" मालक ओरडले.

"काय?" काकांनी मशीन चालूच ठेवलं.

"जा म्हणतोय! ताईंना घेऊन जा!"

"ऐकू येत नाही, साहेब! काय म्हणालात?"

मालक खोकले, तोंडावरचा भुसा पुसला आणि घशाच्या शिरा ताणून पुन्हा ओरडले. काकांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मी एका बाजूला लोंबकळत होते, तिथून मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसत होतं. ते मालकांकडे पाठ फिरवून हसत होते.