धाऊचे दोन वाटे

धाऊने बैठकीत दोन वाटे मागितले आणि हरेश दचकलाच.

खर्डीजवळचा त्यांचा कबड्डी संघ. बक्षिसाचे सगळ्यांना सारखे वाटे, मग चढाईला जाणारा असो की कोपऱ्यात उभा राहणारा. आता मुरबाडच्या एका जीपवाल्याने धाऊला आपल्या संघात बोलावलं होतं, वर जीप चालवायचं कामही देत होता. "मला हितंच खेळायचंय," धाऊ म्हणाला, "पण दोन वाटे पायजेत." एवढं बोलून गडी मान खाली घालून बसला.

संघाचा कारभार बघणारा देवराम भडकला. "दोन? अरे, तू साधा कोपऱ्यातला गडी! मैदानात तुझं नाव तरी घेतं का कोन? उद्या सगळेच मागतील. हरेश, तू कॅप्टन, तूच बोल रे."

काय बोलणार कपाळ! दिवाळीपासून त्याचा उजवा गुडघा दगा देत होता, जरा वळलं की पाय लचकायचा. हे फक्त धाऊला ठाऊक. बचावाला हात धरून साखळी केली की धाऊचा हात हरेशच्या हातात असायचा. चढाईवाला हरेशवर आला की धाऊ हरेशला हिसका देऊन मागे ओढायचा आणि स्वतः चढाईवाल्याच्या घोट्यावर झेप घ्यायचा. लोक म्हणायचे, वा, कॅप्टनची काय चाल! आणि हा शहाणा कॅप्टन मिशीतल्या मिशीत हसायचा.

धाऊ गेला तर? पुढच्याच सामन्यात मुरबाडवाले अंगावर येणार, आणि कोणत्या गुडघ्यावर पडायचं हे त्यांना माहीत असणार. पाय मोडला तर भाताची लावणी कोण करणार, म्हातारा बाप? हरेश घाबरला, अगदी लहान पोरासारखा घाबरला.

"देऊन टाका दोन वाटे," तो कसाबसा म्हणाला.

"का? असं काय करतो तो?" देवरामने विचारलं.

सगळे हरेशकडे बघायला लागले. धाऊने मान वर केली, पण तोंड उघडलं नाही. त्याने ठरवलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

"माझा गुडघा गेलाय," तो बोलून गेला. "माझं पन धाऊच खेळतो. दोघांचं एकटा खेळतो."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पोरं नुसती वाकून त्याचा गुडघा बघायला लागली, त्याची हरेशला जास्त भीती वाटली. देवराम धाऊकडे वळला.

"म्हणून दोन वाटे व्हय रे?"

"हां."

"आणि हरेश बाहेर बसला तर?"

धाऊने हरेशकडे एकदा पाहिलं. "मंग दोन कशाला? एकच द्या."

"मिटलं मग!" देवरामने मांडीवर थाप मारली. पोरं खुशीत उठली, लगेच सरावाला मैदानात उतरली. धाऊ आपल्या डाव्या कोपऱ्यात गेला आणि सवयीने उजवा हात पुढे केला. हरेशही सवयीनेच उठायला गेला. तोवर बदली गडी कमळूने तो हात धरला होता.