आमेनच्या वेळची भाकरी

चैत्रामनानांची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे काय सांगावं! वाढलेली वांग्याची भाजी निवून जायची, पोरं एक डोळा उघडून एकमेकांना चिमटे काढायची, पण नाना आपले चालूच. आधी पाऊसपाणी, मग राज्यकर्त्यांना सुबुद्धी, मग आजारी, मग विधवा आणि अनाथ, आणि अगदी शेवटी ‘या अन्नासाठी’. शिंदखेड्याजवळच्या त्या खेड्यात ख्रिस्ती घरं मोजून बारा, पण एवढी लांब प्रार्थना दुसऱ्या कुठल्याच घरात होत नसे. नानांना त्याचा अभिमान होता आणि तो लपवायचं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

घरातलं एकच माणूस त्या प्रार्थनेच्या पंगतीत बसत नसे, ती त्यांची बायको मंजुळाबाई. सगळे हात जोडून डोळे मिटून बसलेले आणि ही बाई चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय, थपथप थपथप. नानांचं डोकं फिरायचं. चारचौघांत बोलून दाखवायचे. एकदा पाळकसाहेब जेवायला आलेले, तर त्यांच्यासमोरच म्हणाले, हिला जरा समजावा, देवासाठी पाच मिनिटं बसायचं हिच्या जिवावर येतं. मंजुळाबाई मेल्याहून मेली झाली. दुसऱ्या दिवशी तिने भाकरी आधीच करून टोपल्यात झाकल्या आणि पंगतीत येऊन डोळे मिटून बसली. आमेन झालं तोवर भाकरी गार आणि चिवट. आणि नानांनीच, बरं का, नानांनीच दोन घास खाऊन कुरकुर केली आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी ती मुकाट्याने पुन्हा चुलीपाशी. नानांनी नाद सोडला.

यंदा श्रावणात मंजुळाबाई गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. धुळ्याला नेलं तेव्हा उशीर झालेला होता.

नाना रडले, पण रडून मोकळे झाले नाहीत. एक भलतीच भीती त्यांना आतून खात होती. जी बाई चाळीस वर्षांत, तो एक दिवस सोडला तर, घरच्या प्रार्थनेला बसली नाही, तिला देवाने जवळ घेतलं असेल का? पलीकडे आपली दोघांची गाठ पडेल का? विचारायचं तरी कोणाला? पाळकांकडे जावं, तर तिचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे घालणारे आपणच. नानांचं अन्नावरचं मन उडालं. सून सुलक्षणा भली पोर. भाकरी करून डब्यात ठेवायची आणि प्रार्थनेला सगळ्यांआधी हात जोडून बसायची. नानांना जसं हवं होतं अगदी तसं. पण रोज ताटात येई ती मऊ पडलेली, घामेजलेली भाकरी. नानांना वाटे, हिच्या हातालाच वळण नाही.

कापणीच्या उपकारस्तुतीच्या सणाला लेक रोशनी भुसावळहून आली. ख्रिस्ती देवळात ज्वारीची कणसं अर्पण करून सगळे घरी आले, तेव्हा ती वहिनीला म्हणाली, आज तू बस, भाकरी मी करते. तिने अंगणातली चूल पेटवली. नानांनी डोळे मिटले, प्रार्थना सुरू केली, आणि थोड्या वेळाने चुलीपाशी थपथप सुरू झाली. कशीबशी त्यांनी प्रार्थना पुरी केली. आमेन म्हणून डोळे उघडतात तो ताटात टम्म फुगलेली भाकरी पडली. हात लावला तर बोट भाजलं.

एवढी गरम कशी, म्हणून त्यांनी विचारलं. रोशनीला हसू आलं. मायने शिकवलंय, म्हणाली. बाबा राज्यकर्त्यांवर आले की गोळा हातात घ्यायचा. आजाऱ्यांवर आले की भाकरी तव्यावर टाकायची. विधवा-अनाथांवर आले की ती उलटायची आणि ‘या अन्नासाठी’ ऐकू आलं की निखाऱ्यावर धरायची. आम्ही पोरं तर तोवर पेंगायला लागायचो, पण माय शब्दन्‌शब्द ऐकायची. प्रत्येक मागण्याला ओठांतल्या ओठांत आमेन म्हणायची. तुमची सगळी प्रार्थना तिला तोंडपाठ होती.

आता हे सांगावं की नाही म्हणून रोशनी जरा घुटमळली. मग तव्यावर दुसरी भाकरी टाकत हळूच म्हणाली, “माय हासीसन म्हने, यास्ना प्रार्थनामा एखाद दिन मन्हं नाव उनं ना, तर मन्ही भाकर करपी जाई.”

नाव आलं तर भाकर करपेल, हे ऐकून नानांनी ताटातल्या भाकरीचा घास मोडला नाही. तिची वाफ निघून गेली. मग त्यांनी पुन्हा हात जोडले. त्यांची प्रार्थना नेहमी पुस्तकातल्या मराठीत असायची, आज ती घरच्या बोलीत आली.

“देवा, मन्ही मंजुळानी चाळीस वरीस माले गरम भाकर वाढी. मी तिन्हं नाव कधी लिधं नही.”

पुढे त्यांना आमेनसुद्धा म्हणता येईना. नातवंडं चिमटे काढायची थांबली. सुलक्षणाने पदर तोंडाला लावला. चुलीपाशी रोशनी गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत होती आणि तव्यावरच्या भाकरीचा धूर अंगणभर झाला.

ती टाकून दुसरी करते, रोशनी म्हणाली. नानांनी तिला टाकू दिली नाही. ती काळी भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात मागून घेतली आणि कडेचा तुकडासुद्धा न टाकता खाल्ली.