पांढरीतलं पेव

मी पेव बोलतोय. दचकू नका, जरा खाली बघा. वडवणीहून पायी जाता येईल अशा एका गावाबाहेर पांढरी आहे. जुनं गाव उठून गेल्यावर मागे राहिलेली पांढुरकी माती ती. तिथल्या कडेच्या लिंबाखाली मी आहे. तोंड एवढंसं, माणूस कसाबसा उतरेल इतकं. पोट मात्र चांगलं खोलीएवढं.

माझा जन्म थाटात झाला. धान्य साठवायचं म्हणून कोण्या पाटलाने उंचवट्याची कोरडी जागा निवडली, मला खणलं, आत जाळ करून भिंती भाजल्या, शेणमातीने लिंपल्या, तळाशी कडबा अंथरला आणि गळ्यापर्यंत ज्वारी भरली. वर फरशी, फरशीवर माती. मला उघडायचं म्हटलं तरी केवढी तयारी! आधी कोंदट हवा जाऊ द्यायची, मग दिवा सोडून बघायचा, आणि दिवा तगला तरच माणूस उतरायचा. एवढा मान पाटलाच्या जावयालाही नव्हता.

पुढे आडाचं पाणी आटलं आणि गाव ओढ्यापलीकडे गेलं. शेवटची ज्वारी काढली, पण मला बुजवलं कोणी नाही. फरशी ठेवली, माती लोटली, झालं. माणसांची ही खोड मी पुरती ओळखतो. खणायला सगळे असतात, बुजवायच्या वेळी प्रत्येकाला काम निघतं. माझी जागा ज्यांना ठाऊक होती ती माणसंही एकेक करून गेली. मी उपाशीपोटी अंधारात पडून वरच्या पावलांचे आवाज ऐकत राहिलो. मला डोळे नाहीत, पण वरून शेळी गेली की गाय, हे मी अचूक सांगत असे.

बहात्तरच्या दुष्काळाने जमीन तडकली. माझ्या फरशीचं एक टोक निसटलं आणि तोंडाशी निव्वळ मातीचा पापुद्रा उरला. नेमकी त्याच सुमारास वरची वर्दळ वाढली. गावातल्या बौद्ध कुटुंबांनी घरबांधणीची सहकारी सोसायटी काढली होती आणि त्यांना ही पांढरी मिळाली होती. दिवसभर दुष्काळी कामावर रस्ता चोपायचा, तिथे मिळणारी सुकडी खायची आणि ऊन उतरलं की इथे येऊन मनातल्या मनात घर बांधायचं, असं त्यांचं चाललेलं. जितकी घरं तितक्याच जागा, एकही फाजील नव्हती. लिंबाखालची जागा कडेची म्हणून कुणाला नको होती. चेअरमन शहादेवने ती तोंडी केसरबाईला देऊन टाकली.

केसरबाईचा नवरा वारलेला. ती आणि सासू बायनाबाई, दोघी परक्याच्या गोठ्याच्या आडोशाला राहायच्या. तिला सभासद करून घ्यायला धोंडीराम नावाच्या सभासदाचा विरोध होता. "घरात बाप्या मानूस न्हाई. भिंती कोन उभ्या करंल?" असं तो माझ्याच डोक्यावर उभा राहून म्हणाला होता. शहादेवने रेटून तिचं नाव घातलं, पण धोंडीरामची कुरकुर काही थांबली नाही.

एके दिवशी केसरबाई शेळी बांधायला आली. तिने खुंटा ठोकला आणि दोन घावांत तो थेट माझ्या पोटात पडला. तिने दगड घेऊन जमिनीवर आपटला. मी घुमलो. किती वर्षांनी कोणी मला हाक मारली होती! आता ही बाई लोकांना बोलावणार, मला बुजवणार, माझी भूक मिटणार, म्हणून मला कोण आनंद झाला.

ती खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गप ऱ्हाय रं बाबा. ही जागा गेली तर मला दुसरी कोन देतंय?" भोकात दगडगोटे कोंबून वरून तिने शेणमाती सारवली. मला तिचा राग आला नाही, कीव आली. बाई, तुझ्या भिंतींचं ओझं मला पेलायचं नाही, हे तिला कसं सांगू?

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या रानात मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचा बैल माझ्या एका भावंडात, म्हणजे दुसऱ्या पेवात पडला. दोर लावून काढला, पण पाय अधू झाला तो झालाच. शहादेवने लिंबाखाली सभा घेतली.

"ही पांढरी हाय. खाली आजून पेवं असतील. आदी समदी जमीन ठोकून बघायची, मंग चिठ्ठ्या टाकायच्या. तोंडी दिल्यालं समदं मोडलं. आपली जागा कंची ते आदी कळलं, की मानूस आपल्या जागंचं भोक झाकतंय."

केसरबाई नेमकी माझ्या तोंडावर बसली होती. तिच्या पायाची बोटं माती उकरायला लागली.

रस्त्याच्या कामावरचे धुमस आणले. जाड लाकडाचे, जमीन चोपायचे. बायका रांगेने ठोकत निघाल्या. घट्ट जमीन ठक्क करायची. माझ्याजवळ रांग आली तशी केसरबाई पुढे झाली, "ह्या कडंला मी बघते." तिने धुमस उचलला आणि तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं इतक्या अलगद माझ्यावर टेकवला. आमच्या जातीचं एक दुखणं आहे. आम्हाला जितकं जोरात ठोकाल तितकंच आम्ही बोलतो. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. "घट हाय," ती म्हणाली. जागा कमी पडली तर पहिलं नाव कुणाचं कटेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चिठ्ठ्या निघाल्या. केसरबाईला मधली, दगडासारखी टणक जागा मिळाली. माझी जागा धोंडीरामला!

संध्याकाळी धोंडीराम बायको, मुलगा आणि गरोदर सुनेला घेऊन आला. अख्खं कुटुंब त्या सारवलेल्या पापुद्र्याच्या काठाशी उभं. "हितं चूल. हितं बाळंतिणीची बाज," तो पाय आपटून दाखवू लागला. माती झरझर माझ्या पोटात गळायला लागली. मी घाबरलो. उभ्या जन्मात मी माणसांना जगवलं होतं, आता हे पाप माझ्या माथी येणार होतं.

तिकडे केसरबाई आपली जागा पावलांनी मोजत होती. तिची पावलं थबकली आणि मग धावतच इकडे आली.

"धोंडूदादा, सुनंला घिऊन बाजूला व्हा!"

"कावून?"

"व्हा म्हनते न्हवं!"

तिने सुनेचा दंड धरून तिला लिंबाकडे ओढलं. बाकीची माणसं बावचळून मागे सरली. मग तिने लिंबाला टेकवलेला धुमस उचलला आणि कडेला उभं राहून सगळा जीव एकवटून माझ्यावर घातला. मी असा घुमलो, असा घुमलो, की लिंबावरची पाखरं उडाली. फरशी कोसळली आणि कित्येक वर्षांनी माझ्या पोटात ऊन आलं.

माणसं धावत गोळा झाली. धोंडीराम केसरबाईकडे वळला.

"तुला म्हाईत व्हतं?"

"व्हय. जागा जाईल म्हनून झाकलं." केसरबाईने धुमस खाली ठेवला. "आता माझं नाव कापा, मी काई बोलनार न्हाई. पन त्या पोरीची बाज हितं नगं."

धोंडीराम माझ्या काठाशी उकिडवा बसला. त्याने एक खडा आत टाकला आणि तो तळाला लागेपर्यंत कान देऊन बसला. मग सुनेकडे बघितलं. 

"शहादेवा, दोरी आन बे," तो उठत म्हणाला.

"कशाला?"

"परत मोजू. समद्यांनी दोन-दोन हात सोडले तर आजून एक जागा निघती का न्हाई बघू. कुनाचं नाव कटायचं न्हाई."

जागा निघाली. शेवटच्या माणसाने तर न मागता अर्धा हात जास्त सोडला. केसरबाई पदरात तोंड घालून रडली. बायनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लई गुनाची हायस बये. पन आदीच बोलली आसतीस तर माझा जीव तरी ठिकान्यावर ऱ्हायला आसता."

मला रीतीने बुजवलं. हवा जाऊ दिली, दिवा सोडला, दिवा तगला. धोंडीराम स्वतः उतरला आणि केसरबाईचा खुंटा वर घेऊन आला. मग मुरूम, दगड, माती, थरावर थर आणि प्रत्येक थरावर धुमस. धान्याची चव त्याला नव्हती, पण पोट भरलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

आता माझ्यावर वस्तीचं अंगण आहे. भीमजयंतीचा मंडप इथेच पडतो. त्या वेळी पोटात असलेलं धोंडीरामचं नातवंड माझ्यावरच चालायला शिकलं.

तुम्ही घर बांधाल तेव्हा एवढं करा. आधी जमीन ठोकून बघा, आणि हात राखून ठोकू नका. खाली माझं कोणी भावंड असेल तर ते बोलेल. त्यालाही भरायचंच असतं.

केसरबाई आता म्हातारी झाली आहे. संध्याकाळी अंगणात येते, बसायच्या आधी माझ्या तोंडावर एकदा टाच आपटते आणि कान देते. मी गप्प राहतो. तिला तेवढंच ऐकायचं असतं.