पल्ले सांगणारा लास चिल्कासचा राउटर

मित्रांनो, कोर्दोबाच्या डोंगरात लास चिल्कास नावाचे गाव आहे. तिथल्या बेकरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला तारेने बांधलेला एक पिवळट डबा आहे. तो मी. मी एक जुना राउटर आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. मला खरे आयुष्य दिले ते बेकरीच्या मालकिणीने, देल्फिनाने. मोबाईलचे मनोरे आमच्या दऱ्यांकडे कधी फिरकलेच नाहीत. मग गावकऱ्यांनी घराघरांवर राउटर बसवून आपले जाळे आपणच विणले. देल्फिनाने पिठाचे हात पुसले, मला शेजाऱ्यांशी बोलायची भाषा शिकवली आणि गच्चीवर आणून बसवले.

ती भाषा मला फार आवडते. आमच्या जाळ्यात सगळा नकाशा कोणाकडेच नसतो. जो तो फक्त शेजाऱ्याशी बोलतो, तेही पॅकेटातून. पॅकेटाच्या सुरुवातीला ओळखीची खूण, मग भाषेची आवृत्ती, मग लांबी. पुढे छोटे छोटे तुकडे. एक तुकडा म्हणतो, मी आहे. दुसरा म्हणतो, तुझे ऐकू आले. तिसरा सांगतो, रमोनाचे घर माझ्याकडून इतक्या पल्ल्यावर आहे. या तिसऱ्या तुकड्यात एक क्रमांक असतो. तो रमोनाच्या घरचा राउटरच घालतो, वाटेत कोणी बदलत नाही. त्यावरून बातमी ताजी की शिळी ते कळते. हा साचा ज्यांनी आखला त्यांना मी कधी पाहिले नाही, पण त्यांचे मला फार कौतुक वाटते.

रमोना ही देल्फिनाची थोरली बहीण. दरीपलीकडे शेळ्या पाळून म्हाताऱ्या सासऱ्यांना सांभाळणारी. दोघी बहिणी रोज सकाळी माझ्यातून बोलायच्या, बहुतेक वेळा भांडायच्या.

काही वर्षांनी गावात नवे राउटर आले. देल्फिनाचा नवरा आन्सेल्मो मला काढायला शिडी घेऊन वर चढला. नव्यांच्या बोलण्यात नवे तुकडे आहेत, ते या म्हाताऱ्याला कुठले कळायला, असे त्याचे म्हणणे.

"न कळेना का," देल्फिना खालूनच म्हणाली. "प्रत्येक तुकड्यावर त्याची लांबी लिहिलेली असते. कळला नाही तर तेवढा ओलांडून तो पुढचं वाचतो. तुला नाही जमत ते. एक शब्द अडला की तू अख्खं वर्तमानपत्र टाकून देतोस."

आन्सेल्मो हसला आणि शिडी घेऊन उतरला. मी राहिलो. पण त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकले नाही. पारव्यांनी माझ्यावर संसार थाटला.

मग तो ऑगस्ट आला, आमच्या दक्षिण गोलार्धातल्या कोरड्या हिवाळ्यातला. डोंगर वाळून कोळ झाले होते. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि पलीकडच्या कड्यावर वणवा पेटला. टेकडीवरच्या राउटरची हाक थांबली. रमोनाकडे जायचा आमचा रस्ता त्याच्यावरूनच होता.

खाली देल्फिना फोन हातात धरून उभी होती. शाळेवरचा नवा राउटर मला सांगत होता की त्याच्याकडून रमोनाचे घर जवळच आहे. पण त्याची बातमीही टेकडीवरूनच आलेली, जुन्याच क्रमांकाची. साच्याने मला शिकवले होते, तिच्यावर विसंबायचे नाही. विसंबलो असतो तर निरोप आमच्या दोघांतच फिरत बसला असता. मी शेजाऱ्यांकडे ताजा क्रमांक मागितला.

ओढ्याकाठच्या जुन्या गिरणीवरही एक नवा राउटर होता. गावातून तो एकट्या मलाच दिसायचा. त्याने माझी मागणी पुढे नेली आणि थोड्याच वेळात पॅकेट आले. त्यातले निम्मे तुकडे मला कळले नाहीत. ते ओलांडले. पुढे रमोनाचे घर होते. पल्ला लांबचा, पण क्रमांक नवा कोरा.

देल्फिनाचा निरोप निघाला. "रमोना, वारा फिरलाय. पुलाकडे जाऊ नकोस, तिथे जाळ पोचलाय. मामंजींना घे आणि नदीत उतर. शेळ्या सोडून दे."

निरोप गेला. उत्तर आले नाही. काही वेळाने गिरणीकडून पुन्हा तोच तुकडा आला. रमोनाचे घर, पल्ला अनंत. आमच्या भाषेत याचा अर्थ, आता तिथे पोचता येत नाही.

देल्फिनाने ते पडद्यावर पाहिले. ती खुर्चीवर बसली नाही. तिने ओले टॉवेल उचलले आणि आन्सेल्मोला म्हणाली, "यंत्रानं घराचं सांगितलंय. माणसांचं नाही. चल."

दोघे नदीच्या पात्रातून वर चालत गेले. ऊन कलता कलता मला गच्चीवरून चौघे परत येताना दिसले. म्हातारा आन्सेल्मोच्या पाठीवर होता. रमोनाचे केस एका बाजूने जळले होते आणि ती बहिणीशी भांडत होती, चांगल्या दुभत्या शेळ्या सोडायला लावल्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मो वर आला. मला वीज देणाऱ्या सौर पट्टीवरची राख त्याने आपल्या सदऱ्याने पुसली, पारव्यांचे घरटे जपून बाजूला ठेवले आणि सैल झालेली तार आवळली.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला असाच जपा. त्याच्यावर विश्वासही ठेवा, तो खोटे बोलणार नाही. पण त्याने कोणाचा पल्ला अनंत सांगितला, तर तेवढ्यावर घरी बसू नका. माणूस आहे की नाही हे सांगायला आमच्या साच्यात जागाच नाही. ते तुम्हालाच जाऊन पाहावे लागेल.